पाठमोरं फूल

प्रिय डावखुरे,

मंगळवार, ११ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. पोस्टमनने तुझं कार्ड दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि माझा धडधडीत अपमान झाला. उभ्या उभ्या पाकीट फोडलं, कार्ड पाहिलं आणि तशीच उभी राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं, भांडं करपलं, शेजारीण नाक दाबून विचारायला आली. तिला म्हटलं, काही नाही, बहिणीचं कार्ड आलंय. ती म्हणाली, किती गोड! तिच्या अकलेचं मला नेहमीच कौतुक वाटत आलंय.

कार्डात खोट काढायला जागा नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

जानेवारीत तुझं जे कार्ड आलं ते भयंकर होतं. चार वाळवलेली फुलं. मोठं कॉसमॉस कागदाच्या बरोबर मधोमध आणि दोन्ही बाजूंना नेच्याचं एकेक पान, बँकेच्या दारावरच्या पहारेकऱ्यांसारखं ताठ. मी त्याच दिवशी तुला खरमरीत पत्र लिहिलं. फुलं विषम संख्येत घे, जोड्या लावायला तू काय लग्न जमवणारी आहेस? मुख्य फूल मध्यापासून बाजूला सरकव. देठ कागदाच्या आत वळव, नाहीतर बघणाऱ्याची नजर त्याच्यामागून बाहेर निघून जाते. आणि एक कोपरा कोरा ठेव. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. हे सगळं आपल्याला कॉन्व्हेंट शाळेत, दोन्ही इयत्ता एकत्र बसवून, चित्रकलेच्या सिस्टरने पट्टी हातात घेऊन शिकवलं होतं. ते तू विसरलीस याचं नवल वाटलं, पण म्हटलं, वय झालं.

आणि आता हे. तीन कॉसमॉस. मोठं उजवीकडे, जरा वर. देठ आत वळलेले. डावीकडचा खालचा कोपरा स्वच्छ मोकळा. मी सांगितलं होतं त्यातलं एकही सुटलेलं नाही.

तू कधीपासून माझं ऐकायला लागलीस?

केस कापू नकोस म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी मुलासारखे कापून आलीस. गणित घे म्हटलं, शिवणकाम घेतलंस. त्या माणसाशी लग्न करू नकोस, तो वेंधळा आहे, म्हटलं. केलंस, आणि वर जन्मभर त्याच्याशी सुखाने संसार केलास, ते तर मी अजून माफ केलेलं नाही. डाव्या हाताने लिहू नकोस म्हणून सिस्टरने तुझी बोटं बांधली, तरी तू दातात पेन्सिल धरून गिरवत बसलीस. अख्खा वर्ग हसला होता. मी तुला ओळखत नसल्यासारखी खिडकीबाहेर बघत होते.

आणि ते पाठमोरं फूल. सगळी फुलं समोर बघणारी हवीत, असं सिस्टर म्हणायची. तू उभी राहून म्हणालीस, सगळी आपल्याकडेच बघत बसली तर आपापसात बोलणार कधी? तास संपेपर्यंत बाकावर उभी होतीस. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक कार्डात एक तरी फूल पाठ करून बसलेलं असायचं. वाळवतानाच तू ते उलटं घालून ठेवायचीस. चिमट्याने इतक्या हळू उचलायचीस, जणू झोपलेलं मूल. मी दर वेळी कुरकुरायचे, शोभा घालवलीस म्हणून. जानेवारीच्या त्या कार्डात मात्र ते नव्हतं. माझ्या खरमरीत पत्रात मी बाकी सगळं लिहिलं, ते तेवढं लिहिलं नाही. मुद्दाम.

या कार्डातली तिन्ही फुलं माझ्याकडे बघतायत. शाळेच्या ग्रुप फोटोसारखी.

मी नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. खोटं बोलणारा माणूस बोलायच्या आधी श्वास कसा घेतो, ते मला कानाने कळतं. नव्या वर्षापासून फोन केला की तुझी लेक आधी तो श्वास घेते, मग म्हणते, मावशी, आई आत्ताच झोपलीय. मावशी, आईचा घसा बसलाय. मावशी, आईला बोलायला दम लागतो, ती कार्ड पाठवेल ना तुला. मी म्हणायचे, बरं. मीही तेवढाच श्वास घ्यायचे.

म्हणून आता पुढचं, हे पत्र जी वाचते आहे, तिला.

बाळ, तू वाईट नाहीस. रात्री कामावरून येऊन तू आईचा डबा उघडलास, तिची वाळवलेली फुलं काढलीस, आणि माझ्या शिव्या समोर ठेवून एकेक फूल चिकटवलंस. मोठ्या फुलाखाली गोंदाचा डाग आहे, तो मी पुसणार नाही. माझ्या छातीत यंत्र बसवलंय, मावशीला धक्का सोसायचा नाही, असं तुम्हा सगळ्यांचं ठरलं असणार. पण छाती माझी आहे. तिने काय सोसायचं ते ठरवायला मला कुणी बोलावलं का? माझं चुकत असेल तर फार बरं होईल. पण आयुष्यात माझं फारसं चुकलेलं नाही, हेच माझं दुर्दैव.

फोन करू नकोस. तू रडशील आणि मला तुझी समजूत घालत बसावी लागेल. लिही. तिला जाताना फार त्रास झाला का, जवळ कोण होतं, तिने माझं नाव काढलं का. काढलं नसेल तर तसंच लिही, गोड करू नकोस. साध्या कागदावर लिही, यापुढे कार्ड नको. सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

तिचीच,
ताई