कीबोर्डच्या कामाची सोपवणूक

मी, बद्रीनाथ रखमाजी तौर, वय एकोणपन्नास, धंदा टायपिंग इन्स्टिट्यूट, राहणार अंबड, जिल्हा जालना, आज मंगळवारी हे मृत्युपत्र करत आहे. येत्या सोमवारी औरंगाबादला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही, आणि सकाळीच मत्स्योदरी देवीचे दर्शन घेऊन आलो. पायऱ्यांवर दोनदा बसलो, पण चढलो. मजकूर मी सांगत आहे व माझी पत्नी सौ. उषाबाई संगणकावर टाइप करत आहे. दोन्ही साक्षीदार समोर चहा पीत आहेत.

कलम १. राहते घर व त्याला लागून असलेली पत्र्याची इन्स्टिट्यूट उषाबाईला. तिच्यामागे आमची मुलगी बेबीनंदा हिला. पत्रे काढून स्लॅब टाकण्याचा सल्ला जावयांनी तोपर्यंत देऊ नये.

कलम २. पोस्टाचे पुस्तक बेबीनंदाला. तिने त्यातून स्वतःसाठी काही घ्यावे. संसारासाठी घेतल्यास मला वाईट वाटेल.

कलम ३. सात टाइपरायटरांपैकी सहा आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हवे असतील त्यांना द्यावेत. सातवा, ज्याच्या अक्षरांच्या दांड्या सारख्या अडकतात तो, संगणकाचे दुकानदार श्री. रामराव यांना. कारण नोंदवून ठेवतो.

२००३ साली त्यांच्याकडून आम्ही चार संगणक घेतले. त्यांवर मजकूर टाइप करण्याचा एक एडिटर घातला, फुकट मिळणारा, ज्याचा आतला प्रोग्राम कोणीही वाचावा आणि सुधारावा असा. उषाबाई टाइप करायला बसली आणि अक्षरे गळू लागली. दर ओळीत दोन-तीन. मुलांनी टाइप केले की एकही गळत नसे. रामराव आले, दोन बोटांनी स्वतःचे नाव टाइप केले आणि म्हणाले, "वहिनी, मशीन बराबर हाय. तुमचाच हात पह्यल्यासारखा न्हाई राह्यला."

वीस वर्षे शिकवणारी बाई, त्या दिवसापासून वर्गात टाइप करून दाखवेना. घरी एकदाच म्हणाली, "हातच चालंना तर मी शिकवू काय?"

म्हणून मी तो प्रोग्राम वाचायला घेतला. माझे शिक्षण गावच्या शाळेतले, इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने. पोथीसारखे रोज एक पान वाचायचो. न समजलेली ओळ दुसऱ्या दिवशी पुन्हा. सात महिन्यांनी जागा सापडली. कळ दाबल्याची खबर आली की एडिटर लगेच अक्षर उमटवत नसे. कळ अजून दाबलेली आहे का, हे आधी बघे. नसेल तर ती चुकून लागली असे धरून अक्षर टाकून देई. टाइपरायटरवर घडलेले बोट कळीवर रेंगाळत नाही. रेंगाळले तर दांड्या एकमेकींत अडकतात. एडिटर बघेपर्यंत उषाबाईचे बोट उठलेले असे; शिकाऊ मुलांचे कळीवरच असे. तिच्या हातात काहीच बिघाड नव्हता.

मी दोन ओळी काढल्या, नवी एकही लिहिली नाही. ती बसली. पान भरले, एक अक्षर गळले नाही. आणखी एक पान भरले, मग तिसरे. मी मनात देवीला हात जोडले आणि चहा टाकायला आत गेलो, कारण डोळे भरून आले होते.

रामरावांनी सदर टाइपरायटरवर रोज एक पान टाइप करावे. अडकलेल्या दांड्या सोडवताना त्यांना वहिनींची आठवण होईल.

कलम ४. एडिटर सांभाळणारी मंडळी देशोदेशी विखुरलेली आहेत. त्यांनी आधी कळवले होते, "आमच्याकडे असे होत नाही." मी उषाबाईच्या बोटांच्या वेळा मोजून पाठवल्या, तेव्हा त्यांनी दुरुस्ती घेतली. पोलंडमधल्या एका निवृत्त टायपिस्ट बाईंनी लिहिले, "मला वाटले होते, माझी बोटे म्हातारी झाली." ते पत्र मी उषाबाईला तीनदा वाचून दाखवले. चौथ्यांदा तिनेच मागितले.

तेव्हापासून कीबोर्डचा विभाग माझ्याकडे आहे. आणखी चाळीस चुका निघाल्या, सगळ्या तिच्याच हाताखाली सापडल्या. तीन बाकी आहेत. पाहणारे कोणी राहिले नाही तर कोणीतरी चांगल्या हेतूनेच त्या दोन ओळी पुन्हा घालील, आणि कुठल्यातरी गावी कोणा बाईला वाटेल की आपला हात गेला. सबब माझ्या मृत्यूनंतर हे काम उषाबाईने

येथे तिने टाइप करणे थांबवले. पुढील बोलणे साक्षीदारांसमक्ष झाले म्हणून नोंदवतो. तिला सांगितल्यावर तिने तेही टाइप केले.

"मला प्रोग्राम कुठं येतो?"

"मंग तीन वर्षं चुका कोण शोधून राह्यलं?"

"शोधणं येगळं, दुरुस्त करणं येगळं. आन् मृत्यूनंतर म्हंजे काय हो? तुम्ही गेल्यावर मी विचारू कोणाला? शिकंन तर तुमच्यासमोर शिकंन. न्हाईतर राहू द्या."

साक्षीदार कडूबा म्हणाले, "वहिनी बिलकुल खरं बोलल्या. लिवा."

"लिहून राह्यलेच की मी, भाऊजी. तुमचा चहा थंड होऊन राह्यला."

तिचे म्हणणे मला पटले. कलम ४ रद्द समजावे. कीबोर्डचा विभाग मी आजच, जिवंतपणी, तिच्या स्वाधीन केला. मंडळींना तसा ई-मेल पाठवला. साक्षीदारांचा दुसरा चहा होईपर्यंत उत्तर आले: "ज्यांच्या बोटांच्या वेळा तुम्ही पाठवल्या होत्या, त्याच बाई ना? मग विचारता कशाला?"

बाकी तीन चुकांपैकी पहिली तिने उघडून ठेवली आहे आणि हे मृत्युपत्र लवकर संपवा म्हणते. माझ्याकडची सर्वांत मोलाची वस्तू आता या मृत्युपत्रात राहिली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. उरलेले वरीलप्रमाणे वाटावे.

ठिकाण: अंबड
दिनांक: ६ फेब्रुवारी २००७

सही: बद्रीनाथ रखमाजी तौर

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली:
१. देवानंद संपत खरात, शिक्षक, अंबड (सही)
२. कडूबा अप्पाराव जिगे, शिवणकाम, अंबड (सही)

टाइप करणार: सौ. उषाबाई बद्रीनाथ तौर, कीबोर्ड विभाग