गळलेलंच उचलायचं

दि. ९ मार्च, सोमवार

चि. चिमीस दादाचे अनेक आशीर्वाद.

टण्... टण्... नदीतले ओले गोटे तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचीस, तो आवाज आज सकाळी चहा गाळताना अचानक कानात वाजला. पन्नासाहून जास्त वर्षांनी. मी काठावर बसून पाठ्यपुस्तकातल्या कविता मोठ्याने म्हणायचो आणि तू मान वर न करता म्हणायचीस, दादा, हळू, गोटे दचकतात.

बाकी इकडे ठीक. कवळी नवी केली, पण ती घालून कविता म्हटली की शिट्टी वाजते. जावईबापूंचा खोकला थांबला का? तुझे गुडघे कसे आहेत?

आता एका पेपरविषयी. त्यात माझ्यावर लेख आला आहे. तुमच्या गावात तो पेपर येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच आधार वाटत होता.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मी रोज सकाळी पानं, बिया, खडे मांडतो, हे तुला कधी कळवलं नाही. दव असेपर्यंत पानं मऊ असतात, सांगाल तशी बसतात. गोल मांडतो, आत हिरवी, मग पिवळी, तांबूस, कडेला काळपट. दुपारपर्यंत वारा सगळं घेऊन जातो. झाडूवाल्या मावशी म्हणतात, मास्तर, मी गोळा करते ते तुम्ही पसरता, आपली चांगली जोडी जमली.

गेल्या आठवड्यात पेपरची मुलगी आली, फोटोवाल्याला घेऊन. वारा सुटला होता, पानं जागेवर राहीनात. लहानपणी नदीकाठी पानं मांडताना तू अशा वेळी झुडपाचे काटे टोचायचीस. मी मास्तरकीच्या सवयीने खिशातल्या टाचण्या काढल्या आणि गुपचूप टोचल्या. एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं.

तिने विचारलं, हे कुणाकडून शिकलात? मी जरा आभाळाकडे पाहिलं आणि म्हणालो, कुणाकडूनच नाही, लहानपणापासून आपोआप येतं. मग तुझं एकेक माझं म्हणून सांगत गेलो. गळलेलंच उचलायचं, झाडावरचं तोडायचं नाही. वर्तुळ पुरं करायचं नाही, एका पानाची जागा मोकळी सोडायची, म्हणजे वाऱ्याला वाट राहते. हे वाक्य तर तिने मथळ्यात घातलं. लोक म्हणाले, मास्तर, केवढी कविता आहे यात. मी मान झुकवून ते घेतलं. आयुष्यभर कविता लिहिल्या, त्यातली एक ओळ कुणाच्या लक्षात राहिली नाही. राहिली ती तुझी, अकराव्या वर्षी नाक पुसत तू सहज बोललेली.

पेपर कपाटात कपड्यांखाली ठेवला आहे, चोरून आणल्यासारखा.

पण चिमे, हे पत्र त्यासाठी नाही. तीन दिवस लिहितोय आणि फाडतोय.

तू दहावीत होतीस. चित्रकलेच्या बाई घरी आल्या होत्या, आठवतं? तू पाणी भरायला गेली होतीस. परत आल्यावर मी तुला सांगितलं की बाई म्हणाल्या, हा सगळा पोरखेळ आहे, तुझा हात चित्रकाराचा नाही. तू एवढंच विचारलंस, "असं म्हणाल्या?" आणि हंडा खाली ठेवून कपडे वाळत घालायला लागलीस. त्यानंतर नदीवर गेलीस ती फक्त धुणं घेऊन.

बाई असं म्हणाल्या नव्हत्या.

त्यांनी नदीवरची तुझी मांडणी पाहिली होती. कला महाविद्यालयाचा अर्ज त्या स्वतः भरून घेऊन आल्या होत्या, तुझ्या राहण्याचंही बोलून ठेवलं होतं. वडील नव्हते, म्हणून सही माझी हवी होती. बावीस वर्षांचा मी, आधी त्यांना माझी कवितांची वही दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली, अक्षर छान आहे म्हणाल्या, आणि पुन्हा तुझ्याविषयी बोलू लागल्या. मी सांगितलं, तिला यात रस नाही, तिनेच नको म्हटलंय.

आई अंथरुणाला खिळली होती, घर कोण बघणार, हे कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी आई माझ्या मनातही नव्हती. मनात होतं ते फक्त 'अक्षर छान आहे'.

तू दर हिवाळ्याला मला स्वेटर विणून पाठवतेस. तोच घालून मी सकाळी पानं मांडायला बसतो.

माफी मागायला तोंड नाही. पण तुझा हात कसा होता हे मी जाण्याआधी तुला कळायला हवं. बाईंचे शब्द जसेच्या तसे लिहितो, त्यातला एकही मी विसरलो नाही: "तीस वर्षं शिकवतेय, असा हात मी पाहिला नाही."

दार वाजतंय. दूधवाला सकाळीच येऊन गेला, या वेळी कोण

"दादा, उघड. सुनेने मोबाईलवर दाखवलाय तुझा फोटो. बोलायचंय मला."

तू. पाच तासांचा प्रवास आणि असल्या गुडघ्यांनी तीन जिने.

समोरासमोर मला यातलं काही बोलता येणार नाही, मी मला ओळखतो. चहा विचारीन, जावईबापूंच्या खोकल्याचं काढीन आणि पुन्हा टाळीन. म्हणून हा कागद हातात घेऊनच दार उघडतो. तू ज्यावरून भांडायला आली आहेस ते लहान आहे, चिमे. मोठं इथे आहे. दारातच वाच.

तुझा (हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते तू ठरव)
दादा