अण्णांसाठी नवा प्रोसेसर

मोशी, मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय प्रीतम,

तुझा कॉम्प्युटर मी उघडला. विचारून उघडायला हवा होता, पण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज पाठवला तर तो न वाचलेलाच राहतो, म्हणून कागदावर लिहितेय. फक्त प्रोसेसर बदललाय. बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, काळा डबा, त्यावर तू चिकटवलेलं स्टिकर, सगळं जिथल्या तिथं आहे. जुना प्रोसेसर नव्याच्या खोक्यात घालून तुझ्या कपाटात ठेवलाय.

वापरतंय कोण, असं तुला वाटेल. अण्णा वापरतात. त्यांनी बस सोडली, हे मी तुला सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर गुडघ्यामुळे क्लच दाबवेना, तेव्हा चाकणच्या कंपनीची शिफ्टची बस त्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली केली. जमीन गेल्यापासून तीच त्यांची शेती होती. सकाळच्या शिफ्टसाठी अंधारात उठायची सवय काही जाईना. उठायचे, आंघोळ करायचे आणि नाशिक हायवेवरच्या गाड्या बघत ओट्यावर बसायचे. आई म्हणाली, माणूस गप्प बसायला लागलाय, तू येत जा. तेव्हापासून मी कंपनीतून सुटले की वाकडला जाण्याआधी मोशीला उतरते. धनेश हिंजवडीहून उशिराच पोचतो, त्यामुळे घरी माझी कुणी वाट बघत नसतं.

एका रविवारी अण्णा म्हणाले, त्याचं ते विमानाचं मशीन जरा चालू करून दे. मला हसू आलं. बारावीत तू त्या सिम्युलेटरवर बसलास की हेच अण्णा दारात उभे राहून खेळ बंद कर म्हणायचे. पण तू पायलटच्या ट्रेनिंगला गेलास तेव्हा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून ठेवला तोही त्यांनीच, आणि नंतर कुणाला हात लावू दिला नाही. मी चादर काढली, धूळ झाडली, अपडेट चढवले आणि जॉयस्टिक त्यांच्या हातात दिली. अर्ध्या तासात कंटाळतील असं वाटलं होतं.

कंटाळले नाहीत. पहिले काही दिवस ते लोहगावहून उडून मोशीवर यायचे. इंद्रायणी सापडायची, देहूरोड सापडायचं, आपलं घर मात्र सापडायचं नाही, कारण सिम्युलेटरने आपल्या गल्लीत भलत्याच इमारती उभ्या केल्या आहेत. आपल्या वावराच्या जागी शेड दिसली की ते वळण घ्यायचे आणि परत यायचे. थ्रॉटलला ते रेस म्हणतात. बसण्याआधी टोपी काढून मॉनिटरशेजारी ठेवतात, चष्मा बदलतात आणि खुर्चीत अगदी ताठ बसतात, बसमध्ये बसायचे तसे. आईने जेवायला हाक मारली की आतून उत्तर येतं, उतरू दे मला. आईने आता भाकरी उशिरा टाकायला सुरुवात केली आहे.

जानेवारीत माझ्या लक्षात आलं की ते लोहगावहून उडतच नाहीत. सिम्युलेटर उघडायचा, तुझ्या त्या किनाऱ्यावरच्या विमानतळाच्या अलीकडे हवेतच सुरुवात करायची आणि उतरायचं. तेवढंच, परत परत. हवामान कसं बदलायचं ते त्यांनी मला विचारून घेतलं होतं. पाऊस कसा लावायचा, वारा कुठल्या बाजूने लावायचा, किती लावायचा. मी दाखवलं. कशाला हवंय ते तेव्हा विचारलं नाही.

अडचण अशी होती की ऐन वेळी चित्र अडकायचं. वर ढगात असेपर्यंत ठीक, पण शहर जवळ आलं, इमारती, दिवे, पाऊस, धावपट्टी सगळं एकदम समोर आलं की पडद्यावर धक्के बसायचे. विमान इथे दिसायचं आणि पुढच्या क्षणी एकदम तिथे. अण्णा जॉयस्टिक टेबलावर ठेवून द्यायचे. म्हणायचे, असं अडकल्यावर काय कळणार माणसाला. कधी धावपट्टीच्या बाहेर जायचे, कधी आधीच आदळायचे, आणि दर वेळी दोष मशीनला. मला ते बरंही वाटायचं. मशीनला दोष देता येतोय, तर देऊ दे.

पण मग त्यांनी ते दुरुस्त करायचंच मनावर घेतलं. मी पिंपरी कॅम्पातल्या शेखरच्या दुकानात गेले. तू तिथूनच पार्ट घ्यायचास, त्याने तुझी चौकशी केली, तो बरा आहे असं मी म्हटलं. ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल असं माझ्या डोक्यात होतं. त्याने विचारलं, अडकतं तेव्हा कार्डावर लोड किती असतो? घरी येऊन बघितलं तर कार्ड निम्मं रिकामं होतं. प्रोसेसरचा एक कोर मात्र पूर्ण भरलेला, बाकीचे नुसते बसलेले. विमानाचं सगळं गणित त्या एकाच्या अंगावर पडतं आणि कार्ड त्याची वाट बघत बसतं. कंपनीत आमच्या असेंब्ली लाइनवर एक स्टेशन मागे पडलं की पुढचे हात बांधून उभे राहतात, तसंच. त्याच बोर्डावर बसेल असा मोठ्या कॅश मेमरीचा प्रोसेसर शेखरकडे होता. तो म्हणाला, बाकी काही बदलू नका ताई, हा सिम्युलेटरलाच चालतो.

नवा बसवण्याआधी बोर्डाचा बायोस अपडेट करावा लागतो, नाहीतर बोर्ड त्याला ओळखत नाही. ते चालू असताना लाइट गेली तर बोर्डच जातो, म्हणून लाइट जाण्याचा गुरुवार टाळला आणि रविवारी सकाळी बसले. अण्णा शेजारी टॉर्च धरून उभे. कूलरचे स्क्रू काढले, पण कूलर सुटेना, जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली. जरा जोर लावला तर कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला.  खालच्या पिना भिंगाखाली धरून बघितल्या, वाकल्या नव्हत्या. अण्णा म्हणाले, इंजिन उतरवताना असंच व्हतं, घाबरू नको. नवा प्रोसेसर खाचेला खूण जुळवून नुसता ठेवला, आपोआप बसला. दांडी पाडली, नवी पेस्ट लावली, कूलर आवळला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडदा बराच वेळ काळाच होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मग चित्र आलं.

दुपारी मी शहरावरून उडवून बघितलं. भोसरी, निगडी, वाकडचे टॉवर, कुठे धक्का नाही. एखाद्या खिडकीतून बघावं तसं. मी खुर्ची अण्णांना दिली. त्यांनी टोपी काढली आणि तुझ्या त्या विमानतळाच्या अलीकडे जाऊन पाऊस लावला.

इथे मला ऑक्टोबरचं लिहावं लागेल. तू सोडून दुसऱ्या कुणाला मी ते सांगितलं नसतं. टीव्हीवर त्याच विमानतळावरचं, चिखलात रुतलेलं विमान दाखवत होते तेव्हा आपल्या ओट्यावर निम्मी आळी जमली होती. सगळे सुखरूप आहेत, एका म्हाताऱ्या बाईंचा हात मोडला, एवढं कळलं होतं. उतरवताना कंट्रोल तुझ्या हातात होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते तू अण्णांना फोनवर सांगितलंस. लोकांच्या देखत अण्णांनी फोनवर एकच गोष्ट विचारली, दिसत नव्हतं तर उतरवलंस कशाला. तू फोन ठेवलास. मी दारातच उभी होते. त्यानंतर तू त्यांच्याशी बोललेला नाहीस, आणि डिसेंबरपासून माझ्याशीही नाही. ते वाक्य त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं, असं मी तुला सांगणार नाही. मला माहीत नाही. धुक्यात गाडी ठोकली की बसच्या ड्रायव्हरला असंच विचारतात, एवढं मला माहीत आहे.

तर त्या रविवारी ते उतरवत होते आणि मी मागे उभी होते. चित्र कुठेही अडकलं नाही. पावसात धावपट्टीचे दिवे दिसले, रांगेत, सरळ. अण्णांचा हात स्थिर होता. दिवे मोठे होत गेले. मग जमीन अगदी खाली आली असताना पाऊस एकदम जाड झाला, समोरचं सगळं पांढरं झालं, आणि जेव्हा परत दिसलं तेव्हा विमान धावपट्टीच्या डाव्या बाजूला गवतात उभं होतं. त्यांनी लगेच परत सुरू केलं. या वेळी नीट उतरलं. पुन्हा केलं, पुन्हा गवतात. मला वाटलं आता मशीनला काहीतरी म्हणतील.

त्यांनी मला विचारलं, "चित्र अडकलं का गं कुठं?"

मी नाही म्हटलं.

"दिसत हुतं. पार खाली येईस्तवर दिसत हुतं. आन मंग न्हाई."

 मग पडद्याकडे बघतच ते म्हणाले, "मी तेच करतोय. कवा उतरतंय, कवा न्हाई. आन त्याला मी काय इचारून बसलो."

आईने जेवायला हाक मारली. ते उठले आणि जेवायला गेले. जेवताना त्या दिवशी भाजी कशी झालीय याबद्दलच बोलणं झालं.

मला या सिम्युलेटरचं फार कौतुक आहे असं नाही. खरं विमान वेगळं असणार, हे मलाही कळतं. चौकशीत काय निघालं, तुझं लायसन्स परत मिळालं का, हे मी विचारत नाही, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. त्या पांढऱ्या पावसात तुला नेमकं काय दिसलं तेही अण्णांना कधी कळणार नाही. पण त्यांनी दुसऱ्या दिवसापासून तो विमानतळ लावणं बंद केलं. आता कधी लोहगाव, कधी नाशिक. कधी कधी काहीच लावत नाहीत, नुसते आईला पोळ्यांचं पीठ मळून देतात. आईला ते आवडत नाही, पीठ घट्ट होतं म्हणते.

इकडचं बाकी ठीक. आपल्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर आणखी एक टॉवर येतोय, त्यामुळे घरात धूळ. आईची शुगर आटोक्यात आहे. मला सुपरवायझर केलंय, म्हणजे ओव्हरटाइम तोच आणि फोन जास्त.

आता हे पत्र का लिहितेय ते. गेल्या आठवड्यात अण्णांनी मला तुझ्याकडचं विमानाचं तिकीट काढायला सांगितलं. मी म्हटलं, ट्रेनने जा, मी पोचवायला येते. नको म्हणाले, विमानानंच जायचं, आन तिथंच उतरायचं. ते आजवर विमानात बसलेले नाहीत हे तुला माहीत आहेच. खिडकीची जागा मागितली, तीही पंखाच्या पुढची. मला बजावलंय की तुला कळवायचं नाही, कळवलं तर तू खोलीला कुलूप लावून कुठेतरी निघून जाशील. मी ऐकणार होते. पण त्यांना हिंदी जेमतेम येतं, तिकडची भाषा तर नाहीच, आणि त्या विमानतळाबाहेर ते कुणाची तरी वाट बघत एकटे उभे आहेत, हे मला काही डोळ्यांपुढून हलवता येत नाही. म्हणून सांगतेय. येत्या एकवीस तारखेला, शनिवारी, दुपारच्या विमानाने येतायत. तू काही बोलायची गरज नाही. तेही बहुतेक काही बोलणार नाहीत, पायलटने ब्रेक कसा मारला ते सांगतील. ऐकून घे. तिकीट हातात दिलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, हे विमान कोण चालवणार असेल. मला काय माहीत, मी म्हटलं. तिकीट घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "असंल कुणाचं तरी पोरगं." शनिवारी विमानतळाच्या दारात उभा राहा, प्रीतम.

तुझीच थोरली बहीण,
तनुजा