दादाचा खुलासा

१२ सप्टें. २०१७, कैनाड
आठ दिवसांत एक ओळ नाही. वही उघडते, मिटते. तीनदा चहा.
दादा कारखान्यातून लवकर आला. जेवला नाही. खिशात नोटीस. फुगे बनवतात त्या शेडमध्ये सुपरवायझर तो. त्याच्या हाताखालच्या, झरीच्या सविताने तक्रार दिलीय : काम शिकवायच्या नावाखाली हात धरतो, पाठीवरून हात फिरवतो. सात दिवसांत लेखी खुलासा, मग चौकशी.
"तू लिहितेस ना? मग लिही."
आई : "ही नोकरी गेली तर या वयात कोण घेणार त्याला?"

१४ सप्टें.
लिहिला. दादाच्या आवाजात. 'साच्यावरून फुगा न फाटता उतरवणं नुसतं सांगून येत नाही. मी सगळ्यांनाच हात धरून शिकवतो. फुग्यांना लावायची पांढरी पावडर तर शेडमध्ये प्रत्येकाच्या अंगाला लागते.'
(सविताच्या काळ्या ब्लाउजवर, पाठीला, पांढरा पंजा उठला होता म्हणे. चौघींनी बघितला.)
वर्षभरातलं माझं सगळ्यात चांगलं लिखाण. लाज वाटली. तरी परत वाचलं.

१६ सप्टें.
चौकशीची तालीम. मी चौकशी समितीच्या अध्यक्षबाई, दादा दादा.
"नवीन मुलगे लागले, त्यांचेही हात धरले?"
"पोरांना कशाला? त्यांना लांबून दाखवलं की जमतं."
बोलून गेला. कळलंही नाही त्याला. पुढे भाकरी मोडत बसला. आणि मी...

१७ सप्टें., तळासरी
नाक्यावर सविता, टमटमसाठी उभी. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात तीच बोलली.
"तुम्ही बसणार ना त्यांच्याजवळ?"
हो म्हटलं. (चौकशीत वकील चालत नाही. घरचं एक माणूस चालतं, बोलायचं नाही.)
"बसा. भाऊ आहे. माझ्याजवळ माझी बहीण बसेल." टमटममध्ये चढता चढता, "मला ते काम पहिल्याच दिवशी जमलेलं, ताई."

१८ सप्टें.
खुलाशातलं 'सगळ्यांनाच' काढलं. 'नवीन बायकांना' केलं. बाकी तसंच.
दादाला म्हटलं, वाच. "तू लिहिलंयस ना? बस." सही ठोकली. म्हटलं, वाच रे. "डोकं नको खाऊ."
तिसऱ्यांदा म्हटलं नाही. का नाही म्हटलं?
 आगरपर्यंत चालत जाऊन आले.

२६ सप्टें.
चौकशी. अध्यक्षबाई खुलासा मोठ्याने वाचत होत्या. 'नवीन बायकांना'पाशी थांबल्या.
"फक्त बायकांना?"
दादाने माझ्याकडे बघितलं.
"तिकडे नका बघू. तुम्ही सांगा."
सविताची नजर टेबलावर. शेवटी दादा, हळू : "पोरांना... लांबून जमतं." बाईंनी लिहून घेतलं. निकाल कळवतील.
बाइकवर दादाच्या मागे बसून कैनाडला. अंगणात गाडी लावून म्हणाला, "तू बदललंस."
"तूच बोललेलास, दादा."
"तुला बोललेलो. त्यांना नाही."
आई दारात. "काय रे, काय झालं?"
दादा चपला काढत म्हणाला, "हिला विचार."