टेपचे पहिले दोन इंच

ता. ९ सप्टेंबर

चि. मास्तर,
अनेक उत्तम आशीर्वाद. मास्तरीणबाईंनाही माझे आशीर्वाद सांग.

बल्ब बदलायला स्टुलावर चढून तू गुडघा मोडून घेतलास, त्याला आता तीन महिने होत आले. प्लास्टर निघालं तरी तू दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसतोस आणि रस्त्यावरून पळणाऱ्या लोकांच्या चुका काढतोस, असं मास्तरीणबाईंचं कार्ड आलंय. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेल्या माणसाला हे शोभत नाही. निवृत्त तू नोकरीतून झालास, पाय नाही झाले.

आता माझी बातमी ऐक आणि चहा आधी संपव, नाहीतर ठसका लागेल. आमच्या गल्लीच्या टोकाला घोडेस्वारीची शाळा आहे, तिथल्या बारा विजारी मी शिवल्या. त्यातल्या तीन गुडघ्यावर उसवून परत आल्या. चाळीस वर्षांत माझ्याकडे कापड असं तोंडावर परत आलं नव्हतं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना सगळे कॅप्टनबाई म्हणतात. त्या म्हणाल्या, तुम्ही उभ्या माणसाचं माप घेता, घोड्यावर बसलेल्या माणसाचं अंग वेगळं असतं, एकदा बसून बघा. मी गळ्यात टेप आणि हातात खडू घेऊन गेले. त्यांनी मला सगळ्यांत म्हाताऱ्या घोडीवर बसवलं. तिचं नाव आजीबाई. एका आजीबाईवर दुसरी, हा विनोद तुझ्याआधी तिथल्या सगळ्यांनी करून झालाय.

वर बसल्यावर भिंतीपलीकडचं माझं दुकान दिसलं, त्याचं पत्र्याचं छप्पर दिसलं, आणि मी माप घ्यायचं साफ विसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. विजारी बसल्या मापानं नव्यानं बेतल्या, त्यांतली एकही परत आलेली नाही. मी मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला परत जाते आहे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शाळेचं प्रदर्शन असतं. नवशिक्यांनी लोकांसमोर दुडक्या चालीत दोन फेऱ्या मारायच्या. मी नाव दिलंय. प्रेक्षकांची गॅलरी अकरा पायऱ्या वर आहे आणि तिथे तू बसायचंस. तुझी प्रत्येक शर्यत मी बाकावर बसून पाहिली, मांडीवर तुझे कपडे आणि चपला घेऊन. मला कुणी कधी काही करताना पाहिलेलं नाही, मास्तर. शिवताना कुणी कुणाला बघायला येत नाही. या वेळी तू ये, एवढंच मागते.

सोबत माझी टेप पाठवते. गुडघा रोज किती वाकतो ते मोज आणि मला कळव.

इकडे माया भरपूर आहे, तिकडून थोडी हालचाल पाठव.
तुझी ताई


ता. १८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चहा आधी संपवला होता, तरी ठसका लागलाच. एकसष्टाव्या वर्षी घोडा. ही दोन दिवस हसते आहे आणि शेजारच्या बायकांना पत्र वाचून दाखवते आहे. मी मात्र हसलो नाही. तुझ्या मांड्यांचं काय होणार याची मला काळजी लागली. मशीनवर बसून बसून त्या कशा झाल्या असतील ते मला ठाऊक आहे. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून अर्ध्या खुर्चीसारखं बसायचं आणि शंभरपर्यंत मोजायचं. मग एका पायावर उभं राहून दात घासायचे, डावा पाय वरच्या दातांना, उजवा खालच्या. हे शाळेतल्या मुलांना सांगत असे, कुणी केलं नाही, तू कर.

माझ्याबद्दल विचारलंस. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येतात. पालथं झोपायचं, गुडघा वाकवायचा आणि टाच बैठकीपासून किती दूर राहते ते बघायचं. त्या म्हणाल्या, सहा इंचांवर आलात की जिने सहज चढाल. तुझ्या टेपनं हिनं काल मोजलं. चौदा इंच. तेवढ्यानंच कपाळ घामानं भिजलं.

मीही मनाशी ठरवलंय. सहा होईस्तोवर उंबरा ओलांडणार नाही. ज्यांना मी पाठ ताठ ठेवा म्हणून ओरडलो, ते आता मोठे होऊन याच रस्त्यावरून जातात. त्यांच्यासमोर काठी टेकत जाणं मला जमणार नाही. तेव्हा डिसेंबरचं वचन देत नाही.

तुझा लोभ मी खुर्चीत बसूनही खर्च करतोच आहे, तो पुरवत जा.
तुझा मास्तर


ता. ६ ऑक्टोबर

चि. मास्तर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बारावरून सुरुवात म्हणजे काही वाईट नाही. मला वाटलं होतं त्याहून बरंच आहे.

माझे दात हल्ली फार स्वच्छ असतात. पहिले चार दिवस बेसिन धरून घासले, आता हात सोडून घासते. साडेपाचला उठते, भिंतीला पाठ लावून शंभर मोजते, मग चालत शाळेत जाते. परत येऊन दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसून चहा पिते. अंगाला घोड्याचा वास असतो, मांड्या भरून आलेल्या असतात आणि गल्लीत अजून कुणी नसतं. ती पंधरा मिनिटं मी कुणाला देत नाही. पहिलं गिऱ्हाईक लवकर आलं तर मला चक्क राग येतो.

गेल्या मंगळवारी पडले. मास्तरीणबाईंना सांगू नकोस. आजीबाई थांबली आणि मी थांबले नाही, एवढंच झालं. खाली भुसा असतो, कोपराला खरचटण्यावर निभावलं. कॅप्टनबाईंनी विचारलं, आज पुरे का? मी म्हटलं, उसवलं की लगेच टाका घालावा, उद्यावर टाकलं की भोक वाढतं. पुन्हा चढले.

दुडकी चाल सगळ्यांना छळते. घोडा खालून उडवतो आणि त्याच्या ठेक्यावर आपण उठायचं, बसायचं. माझ्याबरोबरची तरुण मंडळी अजून आपटतात. मला मात्र तिसऱ्या दिवशी जमलं, कारण तो ठेका माझ्या पायमशीनचा आहे. चाळीस वर्षं पाय तेच करतायत, फक्त मशीन पुढे जात नव्हतं. कॅप्टनबाईंनी सगळ्यांना थांबवून माझ्याकडे बघायला सांगितलं. मी खूप फुगले, हे तुला खोटं कशाला सांगू.

माया आहेच, फक्त सध्या जरा ताठ बसलेली आहे.
तुझी ताई


ता. २ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चष्मा बदल. मी चौदा लिहिलं होतं, तू बारा वाचलंस. पण ते असो. तुला ठेका जमला हे वाचून मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग दूधवाल्यालाही. शिकवून असं कुणाला येत नाही. कॅप्टनबाईंना माझा नमस्कार सांग, म्हणावं विद्यार्थिनी आमच्या घरची आहे.

आता माझं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, एक दिवस चुकवला नाही. तू पडून पुन्हा चढलीस ते वाचल्यावर चुकवायला तोंड राहिलं नाही. चौदाचे अकरा झाले, अकराचे नऊ, मग आठ. गेले बारा दिवस आठवर अडकलो आहे. उशी घेतली, पट्ट्यानं पाय ओढला, हिनं ढकलून पाहिलं. आठ म्हणजे आठ. डॉक्टरीणबाई नुसत्या डोळ्यांनी बघून छान चाललंय म्हणतात, पण ते त्या सगळ्यांनाच म्हणत असतील. मीही म्हणत असे.

महिन्यात दोन इंच निघणार नाहीत. ताई, मला यायचं होतं. बसची चौकशीही करून ठेवली होती. पण तू वाट पाहू नकोस आणि माझ्यामुळे उमेद घालवू नकोस. मी इथे खुर्चीत बसून त्या वेळी घड्याळ बघेन.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहायचं थांबवू नकोस.
तुझा मास्तर


ता. ७ नोव्हेंबर

चि. मास्तर,
घाईत आहे, आशीर्वाद शेवटी देते.

मास्तरीणबाईंना ती टेप घेऊन उजेडात बसव. पितळी टोकानंतरचा पहिला आकडा वाचायला सांग. तो तीन असेल. तिचं टोक सात वर्षांपूर्वी कुरतडलं गेलं होतं. मी पहिले दोन इंच कापून टाकले आणि पितळी पट्टी पुन्हा ठोकली. तेव्हापासून ती टेप दाखवेल त्यातून दोन वजा करायचे, हे हाताला इतकं पाठ झालंय की मी विचारही करत नाही. तुझे चौदा मी वाचतानाच बारा करून टाकले. तुला नवी टेप पाठवायची होती, ती खणात तशीच पडली आहे आणि जुनी तुझ्याकडे आली. काल तुझं पत्र पाच वेळा वाचलं, तू आठ लिहितोस आणि माझ्या डोक्यात सहा होतात, मेळ बसेना, म्हणून खण उघडला. दुकानात उभ्या उभ्या रडले.

मास्तर, तू बारा दिवस सहावर बसून मला येणार नाही म्हणतोयस. चूक माझी आहे. शिक्षा दे, पण गॅलरीत बसून दे.

आता आशीर्वाद, वाटेल तेवढे.
तुझी ताई


ता. १५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मला धीर द्यायला गोष्ट रचलीस असं आधी वाटलं. टेपचं टोक बघूनही विश्वास बसेना. शेवटी शाळेतली लोखंडी पट्टी शोधली आणि हिच्याकडून मोजून घेतलं. पाच इंच. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी रागारागानं टेपवरचे आठ मी सात केले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्याहूनही एक इंच कमी. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, मी छान म्हणत होते ते उगाच नव्हे.

काल उंबरा ओलांडला. काठी घेतली आहे, अजून लागते. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आलो.

तिकिटं दोन काढली आहेत.
तुझा मास्तर


ता. ५ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी बोलणं झालंच नाही. तुला लोकांनी घेरलं आणि आमची बस होती. म्हणून लिहितो.

अकरा पायऱ्या मी एकेक करत चढलो. मला वाटलं होतं, सगळे माझ्या काठीकडे बघतील. कुणी बघितलं नाही. सगळे रिंगणाकडे बघत होते. तू निघायच्या आधी खालून तुझ्या चपला, शाल आणि चष्म्याचं घर वर पाठवलंस, ते मी मांडीवर घेऊन बसलो. शाल सारखी घसरत होती आणि ती धरायची की टाळ्या वाजवायच्या ते कळेना. इतकी वर्षं तू हे कसं केलंस?

दुडकी सुरू झाली तेव्हा बाकीच्यांची डोकी वरखाली होत होती. तुझी पाठ इतकी ताठ होती की माझ्या शाळेतल्या कुठल्याच मुलानं मला तशी पाठ दाखवली नाही. शेजारच्या माणसानं विचारलं, या घोडीवरच्या बाई कोण, बऱ्याच वर्षांपासून बसत असतील. मी म्हटलं, चाळीस वर्षांपासून. मग म्हटलं, माझी ताई आहे ती. मागच्या रांगेलाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हटलं. हिनं मला चिमटा काढला, पण तिचेच डोळे भरले होते.

घरी येऊन पिशवी उघडली तर तुझ्या चपला माझ्याकडेच. म्हणजे तू दुकानापर्यंत बूट घालूनच गेली असशील. ही म्हणाली, पार्सल करू. मी नको म्हटलं. पुढच्या मंगळवारी सकाळी सहाला मी त्या स्वतः रिंगणावर घेऊन येतो. मग पायरीवरच्या त्या पंधरा मिनिटांत मला जागा दे.

लोभ पूर्वी होताच, आता त्याला अभिमानाचं अस्तर लागलं आहे.
तुझा मास्तर