टोपणनावाची ऑर्डर

सोमवार, ४ मार्च
कार्डाचं मशीन आलं. दर ऑर्डरला स्वतःच सतरा आकडी नंबर देतं. मला पसंत नाही. एकतीस वर्षं या टाकोच्या दुकानात गल्ल्यावर बसतोय. मेरिदा शहरातलं एकही गिऱ्हाईक मी नंबराने ओळखत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. नंबराच्या जागी आजच्या ऑर्डरींपासूनच मी टोपणनाव लिहितोय: टकल्या, घोरपड, डॉक्टरीण. सूनबाई अ‍ॅडी म्हणाली, पपा, तो नंबर कशाला असतो ते तरी विचारा. त्यात काय विचारायचं! आमची लँडी म्हणाली, अहो, रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गल्ल्यावर अ‍ॅडी बसेल. बघूच.

मंगळवार, ५ मार्च, सकाळी ८
टकल्या आला. कोचिनिताचे, म्हणजे भाजलेल्या डुकराचे, नेहमीचे चार टाको. नाव टाकलं तर मशीन म्हणतं, या ऑर्डरचे पैसे आधीच भरलेले आहेत. म्हणजे कालच आगाऊ देऊन ठेवले! नावाने हाक मारली की माणूस असा खिसा सैल करतो. म्हटलं, जा बाबा, तुझं झालंय. जरा थबकला. गहिवरला असावा.

बुधवार
डॉक्टरीण आणि घोरपड, दोघांचंही आगाऊ. फार दमलो. पण दुसरं दुकान काढायचं ठरवलं. जागा उद्या बघणार.

गुरुवार
जागा बघितली नाही. ऊन होतं.

शुक्रवार
टकल्या दोन मेव्हण्यांना घेऊन आला. सगळं त्याच्याच नावावर, सगळं भरलेलं. अ‍ॅडी म्हणाली, सोमवारनंतर मशीनमध्ये एक पेसो आलेला नाही. तिला म्हटलं, पोरी, धंदा माणसांवर चालतो. लँडी मान हलवून मागच्या दाराकडे गेली. पटलं असणार.

रविवार, १० मार्च
आख्खं डुक्कर संपलं. मशीनवर शून्य. अ‍ॅडीने भर रांगेसमोर समजावलं: पपा, एक नंबर एका ऑर्डरला, एकदाच. तुम्ही नंबराच्या जागी तेच टोपणनाव परत दिलंत की मशीनला वाटतं जुनीच ऑर्डर आहे. कुणाचे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून ते थांबतं. म्हणजे सोमवारचेच चार टाको टकल्या आठवडाभर खात होता! मी म्हटलं, मशीनने हे नीट सांगायला हवं होतं. लँडीने खुर्ची अ‍ॅडीकडे सरकवली.

मंगळवार, १२ मार्च
मागे बसून कांदा चिरतोय. तात्पुरतं आहे.

टकल्या डोकावला. त्याला चांगला झापला, फुकटखाऊ म्हटलं. तो म्हणाला, विल्बर्ट, फुकट कोण खातंय? आम्ही रोज मागच्या दाराने वहिनींच्या हातात पैसे ठेवत होतो. त्याच म्हणाल्या, ह्यांना बोलू नका, वय झालंय, रविवारपर्यंत बसू दे त्यांना गल्ल्यावर. मेव्हण्यांना आणलं होतं ते तुला शेवटचं तिथे बसलेलं बघायला.

टकल्या माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे.

आज रांग साडेदहालाच संपली. माझ्या वेळी बारा वाजायचे.