बंबात गेलेली वही

२ फेब्रु., सोम.
दवाखान्यात केसपेपर लिहून हात भरून आला. तरी 'बंब' ही गोष्ट पाठवली एकदाची, त्या इंटरनेटवरच्या छोट्या मासिकाला. मर्यादा तीनशे शब्द. सातवीत असताना आईनं माझी कवितांची वही पाणी तापवायच्या बंबात घातली, एवढंच आहे गोष्टीत.

६, शुक्र.
उत्तर नाही. दहादा मेल उघडली. पुरे आता.

१२, गुरु.
संपादकबाईंची मेल आली! गोष्ट घ्यायचीय. पण हीच त्यांना व्हॉट्सॲपवर निनावी आलीय. 'तुमचीच कशावरून? तुमच्याच घरी घडलं असेल, तर तसं सांगणाऱ्या घरच्या कुणाच्या दोन ओळी पाठवा. सोमवारी सहापर्यंत.'
वर्गमैत्रीण सुनीचे उद्योग. शाळेच्या ग्रुपवर मी मत विचारायला टाकली होती. मत कुणी दिलं नाही, चार अंगठे आले. फोन केला तर म्हणते, "आगं, मी फुडं पाठवली की. लई आवडली मला. नावाचं कुटं एवढं घिऊन बसतीस!"
डोकं फिरलं. भांडायचंही त्राण नाही.
घरचं कोण सांगणार? बंबापाशी आम्ही दोघीच होतो. आई आणि मी.

१४, शनि.
वेळापूरला आईला फोन. मी विषय काढायच्या आत तीच म्हणाली, "तुझ्या वैनीनं मोबाइलवर आल्याली गोष्ट वाचून दावली. कसली आय म्हनायची ती? पोरीची वही जाळती!"
आठवतच नाही तिला? मी इतकी वर्षं हा राग सांभाळला, आणि हिला...
"व्हय," म्हटलं. ठेवला फोन. स्वतःचीच चीड आली.

१६, सोम.
जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन. आपणहून कधी करत नाही. जेवलीस का, खोकला कसा हाय, वगैरे. मग,
"त्या पोरीला फुडं दुसरी वही मिळाली का गं?"
"मिळाली."
"बरं झालं. शेळ्या सुटल्या हुत्या गं त्या दिशी. लोकाची सगळी मका खाल्ली. ही आपली लिवत बसलेली."
पेशंट आले म्हणून फोन ठेवला.
गोष्टीत शेळ्या नाहीत. तीनशे शब्दांत बसत नाहीत, असं मीच मला सांगितलं होतं.
पाच वाजलेत. मेल उघडून बसलेय. आईच्या दोन ओळी तर मिळाल्या, शेळ्यांसकट.